भोंगा मोठा, रस्ता छोटा

मराठी विभागासाठी लेख मागवले तेव्हा 'पाऊस', 'मेसची पोळी' आणि 'आजची तरुण पिढी' हे तिन्ही विषय माझ्या रूममेट्सनी आधीच पटकावले होते. मग मी हॉर्न घेतला. हसू नका! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण वायरिंगचं मात्र कुणी सांभाळून घेऊ नये, तिथे चूक दिसली तर सरळ पकडा.

तर माझं म्हणणं असं. मालाच्या पिकअपला जो बाहेरून आणलेला प्रेशर हॉर्न बसवतात, त्याची गरज दहातल्या नऊ गाड्यांना नसते. गाडीचा मूळ हॉर्न मेलेला नसतो, त्याच्यापर्यंत करंट पोचत नसतो. आणि जिथे खरोखर कुणी ऐकत नाही, तिथे भोंगा मोठा केल्याने ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो भलत्यालाच.

हे मला सुचलं माझ्या आजोळी, देवबागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणहून वायरी, तारकर्ली करत रस्ता देवबागला जातो आणि कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे संपतो. गाव म्हणजे एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये माड, घरं आणि हा एकच रस्ता. रस्त्याला लागून चिऱ्याचे गडगे आणि गडग्याला लागून घरांच्या पडव्या. याच रस्त्याने शाळेची मुलं, मासळीची पाटी घेतलेल्या बायका, सायकली, रिक्षा, मासळीच्या पिकअप आणि सुट्टीत मुंबई-पुण्याच्या गाड्या जातात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. रस्ता मात्र बैलगाडीच्या मापाचाच राहिला.

माझा मामा मासळीची पिकअप चालवतो. बर्फात भरलेले टब घेऊन कधी कोल्हापूर, कधी बेळगाव. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा गाडी अंगणात उभी असते आणि नेमकी तेव्हाच मला सुट्टी असते. गेल्या खेपेला गेले तर ओटीवर एक खोका. त्यात दोन लाल भोंगे, एक छोटा कॉम्प्रेसर, प्लास्टिकची नळी आणि एक रिले. मामा म्हणाला, "चेडवा, तू इलेक्ट्रिकलाक आसस मा? मगे बसव बघूया. माझो हॉर्न कोणाक ऐकाक येणा नाय."

आता मामाला असला हॉर्न का हवा होता, तेही समजून घ्या. एसटी आणि मोठे ट्रक यांना एअर ब्रेक असतात, म्हणजे गाडीत दाबलेल्या हवेची टाकी आधीपासूनच असते. त्यातून एक फाटा काढला की भोंगा वाजतो. पिकअपचे ब्रेक तेलावर चालतात, हवेची टाकी नसते. म्हणून भोंग्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लावावा लागतो. म्हणजे छोट्या गाडीने मोठ्या गाडीचा आवाज उसना आणायचा. घाटात मागून ट्रक आल्यासारखं वाटून पुढचा बाजूला होतो, हा त्यातला खरा हिशोब. मासळी नाशवंत, बर्फ वितळतोय, बाजारात पोचायला उशीर झाला की भाव पडला. ज्याच्या डोक्यावर हे ओझं आहे त्याला 'हॉर्न वाजवू नये' असं हॉस्टेलच्या गॅलरीत चहा पीत सांगणं फार सोपं आहे.

खोका उघडला आणि मी आधी कॉम्प्रेसरवरचा आकडा शोधला. असे कॉम्प्रेसर चालताना साधारण १५ ते २० अँपिअर खातात. गाडीचा साधा हॉर्न ४-५ अँपिअरवर भागवतो. गोची सगळी इथेच आहे. गावातल्याच एका पिकअपला असला हॉर्न बसवून दिलेला मी पाहिला. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी कापल्या, त्या कॉम्प्रेसरला पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली, झालं काम! रिले खोक्यातच राहिला. मग फ्यूज उडायला लागला म्हणून फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. हॉर्न वाजला, मालक खूश.

आपण जरा हिशोब करू. समजा जुनी वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची आहे आणि बॅटरीपासून बटण, बटणापासून हॉर्न अशी फिरून ५ मीटर भरते. तांब्याची इतकी बारीक वायर मीटरला साधारण २३ मिलिओहम देते, म्हणजे ५ मीटरला ०.११५ ओहम. त्यातून १८ अँपिअर गेले की २ व्होल्ट वायरीतच मेले आणि ३७ वॅट उष्णता तयार झाली. आपल्या लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! म्हणजे डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिक आणि कापसाच्या पॅडिंगमध्ये, तुम्ही दीड सोल्डरिंग आयर्न पसरून ठेवलीत आणि वर फ्यूजही काढून टाकलात. ती उष्णता ५ मीटरभर पसरते म्हणून पिप् केल्यावर लगेच आग लागत नाही. पण कुठे गंजका सांधा असला की त्याच एका जागी ती एकवटते. त्या पिकअपमध्ये कसालच्या अलीकडे जळका वास आला, गाडी थांबवून बॅटरीची वायर काढली म्हणून निभावलं. स्टिअरिंगखालच्या वायरी एकमेकींना चिकटून त्यांची काळी वेणी झाली होती.

बसवायचाच असेल तर रीत अशी आहे. बॅटरीच्या प्लसवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर काढायची आणि वीतभर अंतरातच त्यात २५ अँपिअरचा फ्यूज घालायचा. (व्हायवाला सर विचारतात, फ्यूज कोणाला वाचवतो? उपकरणाला नव्हे, वायरीला. म्हणून तो बॅटरीजवळ, वायर जिथे सुरू होते तिथे.) ती वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून कॉम्प्रेसरच्या प्लसला. कॉम्प्रेसरची दुसरी वायर रंग खरवडलेल्या चेसिसला किंवा सरळ बॅटरीच्या मायनसला. आणि जुन्या हॉर्नच्या त्या दोन बारीक वायरी फक्त ८५ आणि ८६ ला. रिलेच्या कॉइलला ०.२ अँपिअरसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे जुनं बटण आणि जुनी वायर थंड राहतात. कारकुनाने सही केली, गोणी हमालाने उचलली, असं समजा. ४ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर वायरीत तेच १८ अँपिअर गेले तर जेमतेम ०.४ व्होल्ट जातात. कॉम्प्रेसर भोंग्यांच्या जवळ ठेवायचा, नळी आखूड ठेवायची, नाहीतर बटण दाबल्यावर आवाज जांभई देऊन येतो. भोंग्यांची तोंडं किंचित खाली, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. एवढंच. अवघड काही नाही, आपल्या सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलपेक्षा सोपं आहे.

पण भोंग्याला हात लावण्याआधी मी मामाचा जुना हॉर्न मोजला. मल्टिमीटर बॅटरीवर धरला तर १२.४ व्होल्ट. मामाला बटण दाबायला लावून हॉर्नच्या दोन टोकांना धरला तर ९.१! सव्वातीन व्होल्ट गेले कुठे? मग एक टोक हॉर्नच्या मायनसला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं. एकट्या अर्थिंगमध्ये सव्वादोन व्होल्ट अडकले होते. खाली वाकून बघितलं तर चेसिसला मारलेला अर्थचा बोल्ट म्हणजे नुसता गंजाचा गोळा, आणि तांब्याची वायर आतून हिरवी. याचं कारण मासळीच्या गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. टबातला बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्यातून ठिबकत चेसिसवर येतं. वर देवबागची हवा, जिथे दाराच्या कड्यासुद्धा वर्षभरात गंजतात. नवी गाडी पुण्यात दहा वर्षं जशी वाजेल तशी इथे दोन वर्षंही वाजणार नाही. त्यात हॉर्नची काय चूक?

पॉलिश पेपरने लोखंड उघडं केलं, नवीन थिंबल दाबलं, वर पेट्रोलियम जेली फासली. खोक्यातला रिले मात्र मी वापरला, जुन्या हॉर्नसाठी! स्वतंत्र फ्यूज घालून बॅटरीवरून थेट वायर दिली. पुन्हा मोजलं, ११.८ व्होल्ट. मामाने बटण दाबलं आणि अंगणातल्या कोंबड्या माडापलीकडे गेल्या. मामेभावाला रस्त्यावर शंभर मीटर दूर उभं केलं होतं, त्याने तिकडून दोन्ही हात वर केले. सगळा खर्च दोन-अडीच मीटर वायर, एक फ्यूज होल्डर आणि पॉलिश पेपर. दुपार तेवढी गेली.

मामा ऐकून खूश झाला, पण पटलं नव्हतं. म्हणाला, "ह्यां बरा झाला. पण ता मोठा लावलास तर आणखी बरा होयत." आणि इथून आमचा खरा वाद सुरू झाला, जो दोन रात्री जेवणाच्या पाटावर चालला.

माझा मुद्दा भूमितीचा होता. देवबागच्या रस्त्यावर मामाची गाडी चाललीय. पुढे २० मीटरवर पर्यटकांची कार आहे. बाजूला ५ मीटरवर एक पडवी आहे आणि पडवीत कोणाची तरी आजी सुपारी कातरत बसलीय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कार आजीच्या चौपट लांब, म्हणजे कारपर्यंत पोचणारा आवाज आजीच्या कानापेक्षा १२ डेसिबल कमी. शिवाय कारच्या काचा बंद, एसी चालू, आत गाणी. आजीच्या घराला काचाच नाहीत. आता तुम्ही भोंगा कितीही वाढवा, दहा डेसिबलने वाढवा, वीसने वाढवा, दोघांचंही तेवढंच वाढणार. मधला फरक तसाच राहणार. ज्याला ऐकवायचंय त्याला हॉर्न ऐकू यायला लागेपर्यंत, जिला ऐकायचं नाही तिचे कान फुटलेले असतात.

मेकॅनिकलवाले लगेच म्हणतील की भोंगा आवाज पुढे फेकतो, बाजूला कमी. बरोबर आहे, सरळ रस्त्यावर थोडा फायदा मिळेल. पण आमचा रस्ता वळणांचा. वळणावर भोंग्याच्या समोर गाडी नसते, घर असतं. आणि खोक्यावर जे डेसिबल मोठ्या अक्षरात छापलेले असतात, ते किती अंतरावर मोजले ते बहुधा लिहिलेलंच नसतं. अंतर न सांगता डेसिबल सांगणं म्हणजे विषय न सांगता मार्क सांगणं.

हे सगळं कागदावरचं नाही हो. गेल्या मे महिन्यात शेजारच्या वाडीतली एक म्हातारी रस्त्याच्या कडेने चालली होती. मागून एका गाडीने असाच हवेचा हॉर्न दिला. गाडी तिच्यापासून लांब होती, धक्का वगैरे काही लागला नाही. ती नुसती दचकली. पण दचकून उडी मारायला आमच्या रस्त्याला जागा कुठे आहे? बाजूला गडगा. ती त्यावर आपटली आणि मनगट मोडलं. गाडीवाला थांबला नाही, कारण त्याच्या हिशोबाने काही घडलंच नव्हतं. हॉर्न वाजवला, बाई बाजूला झाली! तो हात अजून नीट वळत नाही. तिचं काम मासळी साफ करण्याचं.

कायद्याचंही सांगते. मामाला आधी वाटत होतं की हा पोलिसांचा चिरीमिरीचा बहाणा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम स्पष्ट सांगतो की गाडीला एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा फाजील कर्कश, मोठा, घाबरवणारा आवाज करणारा हॉर्न बसवता येत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशांना वेगळी सूट आहे. मासळीच्या गाडीला नाही. आवाजाचे ठरवलेले निकष मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. विनाकारण हॉर्न वाजवण्यालाही दंड आहे, पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वस्तीत हॉर्न वाजवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात म्हटलं, पुढे २०१० मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही ते आलं. मामाची गाडी निघते पहाटे चारला.

आपल्याकडे हे नियम कागदावरच झोपतात हे मला माहीत आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ट्रक-टेम्पोच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. तुम्ही हायवेवर उभं राहून मोजा, किती गाड्यांनी ते पुसलंय! त्यापेक्षा मला मुंबई पोलिसांची २०२० ची कल्पना आवडली होती. सिग्नलला डेसिबल मीटर जोडला, आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. वाजवा अजून! तो प्रयोग मोजक्याच चौकांत झाला, पण त्यामागचं डोकं इंजिनिअरचं होतं. माणसाला उपदेश करण्यापेक्षा सर्किट बदललं.

मामाकडे एक मुद्दा मात्र असा होता की ज्यावर मला गप्प बसून विचार करावा लागला. "घाटात काय करू?" आंबोलीला पावसाळ्यात धुकं असं असतं की बॉनेट दिसत नाही. करूळ किंवा फोंडा घाटात वळणापलीकडून काय येतंय ते कळत नाही. तिथे हॉर्न ही चैन नाही, जीव वाचवायची वस्तू आहे. मान्य. म्हणून मी पुन्हा कागद घेतला. दोन्ही बाजूंनी गाड्या ताशी ३० किलोमीटरने आल्या तर त्या एकमेकींकडे सेकंदाला साधारण १७ मीटरने सरकतात. हॉर्न १०० मीटरवरून ऐकू आला तर हातात सहा सेकंद असतात. आवाजाला तेवढं अंतर कापायला ०.३ सेकंद लागतो, तो सोडून द्या. सहा सेकंदांत पिकअप थांबते, ब्रेक आणि टायर बरे असतील तर. आणि १०० मीटरवर आपला जुना हॉर्न ऐकू येतो, हे त्याच्याच पोराने हात वर करून सांगितलेलं होतं. ९.१ व्होल्टवर रडणाऱ्या हॉर्नने घाट चढणं धोक्याचं होतंच. पण त्यावरचा इलाज पॉलिश पेपर होता.

त्यावर मामा म्हणाला, "आणि ते पुण्याचे काचो वर करून रस्त्यातच गाडी लावतत, तेंका?" त्यांना कुठलाच हॉर्न हलवणार नाही, कारण गाडीत कुणी बसलेलंच नसतं! ते संगम बघायला होडीत गेलेले असतात. हा पार्किंगचा प्रश्न आहे आणि तो सुटणार असेल तर ग्रामपंचायतीत सुटेल. मला राग याचा येतो की रस्ता अरुंद, पार्किंग नाही, पदपथ नाही, या सगळ्याचा भार शेवटी एका दीड-दोन हजारांच्या खोक्यावर टाकला जातो आणि त्याची किंमत पडवीतली म्हातारी देते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या हॉस्टेलला देवबागशी काय करायचंय? करायचंय! आपल्याच पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बाइक्स बघा. किमान चार जणांनी बाहेरून आणलेले हॉर्न लावलेत आणि एकाच्या हॉर्नमध्ये तर चक्क कुत्रं भुंकतं. शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तसा जाहीर असेल तर मेन गेटवरचा तुमचा 'यार, खाली ये' वाला हॉर्न नियमाने बाद आहे. सबमिशनच्या रात्री मुलींच्या हॉस्टेलखाली वाजणाऱ्या त्या कुत्र्याचा मालक कोण, हे आम्हाला माहीत आहे. नाव छापत नाही. पण त्याच्या बाइकचं वायरिंग मी सीटखाली डोकावून पाहिलंय. रिले नाही, फ्यूज होल्डर नाही, दोन वायरी पिळून वर टेप. आणि वॉचमनकाका रात्रपाळी करून सकाळी शेडजवळच्या खोलीत झोपतात, तेव्हा हाच हॉर्न त्यांच्या उशाशी असतो.

मामाच्या खोक्याचं काय झालं, असं लेख वाचून संपादक मॅडमनी विचारलं. खोका माळ्यावर आहे. रिलेशिवाय. मामा म्हणतो, कोणी गिऱ्हाईक मिळालं तर देऊन टाकतो. मी म्हटलं, देऊ नको. त्यावर तो हसला, हो म्हणाला नाही. बंदी उठल्यावर दोन खेपा कोल्हापूरला करून आला, तेव्हा फोनवर एवढंच म्हणाला की घाटात काही अडलं नाही, पण दर महिन्याला तो बोल्ट परत घासायला लागणार काय? लागणार. खारं पाणी थांबत नाही, त्यामुळे अर्थिंगचा पॉइंट हौद्याच्या खालून काढून पुढे बॅटरीजवळ न्यायचा बेत आहे, ते दिवाळीच्या सुट्टीत करू.

तोवर ज्यांना आपल्या बाइकचा हॉर्न बसलाय असं वाटतंय त्यांनी नवा आणण्याआधी एकदा मोजून घ्या. मल्टिमीटर मी रेक्टर मॅडमच्या ऑफिसात ठेवलाय, वहीत सही करून न्यायचा. कुत्रेवाल्याने आधी यावं.